तीन बोटं गेल्यानंतर पुन्हा कामावर: वाळूजमधल्या एका प्रेस ऑपरेटरचं प्रकरण

वाळूज एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची ईएसआय (कामगार राज्य विमा), पीएफ आणि कामगार खात्याची कागदपत्रं सांभाळणं हा माझा गेल्या वीसेक वर्षांचा व्यवसाय. माझी फी कारखानदार देतात. हे आधीच सांगतो, कारण या प्रकरणात मी कामगाराच्या बाजूने बोललो असलो तरी बसलो होतो टेबलाच्या पलीकडे. काही ठिकाणी चुकलोही, आणि ते यात येईलच. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

दत्ता अंबड तालुक्यातला. वय तेव्हा ३१. गावाकडे तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी, आणि ती भाऊ बघतो. बारावीनंतर वाळूजला आला आणि नऊ वर्षं प्रेस शॉपमध्येच काढली. रांजणगाव शेणपुंजीत भाड्याची एक खोली, बायको सविता, दोन लेकरं.

कारखाना दुचाकीचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारा. साठेक माणसं, अकरा पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी आणि आकार देणारी यंत्रं. दत्ता चार वर्षं त्याच कारखान्यात चार नंबरचा प्रेस चालवत होता, पण नाव ठेकेदाराच्या हजेरीवर. नोंदलेला पगार साधारण साडेतेरा हजार. ओव्हरटाइम धरून हातात अठरापर्यंत यायचे, पण वरचे पैसे रोख मिळायचे, कागदावर नाही. ईएसआय मात्र नियमित भरला जात होता. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. इथल्या कित्येक ठिकाणी तेवढंही होत नाही, म्हणून याची नोंद करतो.

अपघात

फेब्रुवारी २०२२, सेकंड शिफ्ट, रात्रीचे साडेआठ. पार्ट डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, अडकला. दत्ताने तो काढायला उजवा हात आत घातला. पाय पेडलवर नव्हता. तरी प्रेस दुसऱ्यांदा खाली आला. आमच्याकडे याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

या प्रेसबद्दल दोन वाक्यं लिहितो, कारण हे ज्याला कळत नाही तो दोष ऑपरेटरच्या माथी मारून मोकळा होतो. जुन्या प्रेसमध्ये चावीचा क्लच असतो. चावी म्हणजे फिरतं चाक आणि प्रेस खाली-वर करणारा क्रँक यांना जोडणारा लोखंडी तुकडा. चावी एकदा गुंतली की क्रँक पूर्ण फेरा मारतो, तो मध्येच थांबवता येत नाही. चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली, किंवा ब्रेक ढिला झाला, की पेडल न दाबताही फेरा होऊ शकतो. आदल्या वर्षी ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये शेरा आला म्हणून मालकाने या प्रेसला, हात आत गेला की मशीन थांबावं म्हणून, सेन्सर बसवला होता, खर्च करून. पण जो प्रेस मध्ये थांबूच शकत नाही त्याला सेन्सर काय थांबवणार? तिथे डायभोवती हात जाणारच नाही अशी जाळी लागते आणि पार्ट काढायला चिमटा लागतो. दोन्ही नव्हतं.

पहिला निर्णय: कागद कुठे करायचा

रात्री नऊ वाजता ठेकेदाराचा फोन आला. त्याने दत्ताला एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. “साहेब, बाहेरच दाखवू. बिल मी देतो. कागदाचं नका काढू.” यात त्याचा हिशोब सरळ होता. ईएसआयमध्ये नोंद झाली की चौकशी, कारखाना निरीक्षक, मालकाची नाराजी.

मी नाही म्हणालो. पहिल्या केसपेपरवर डॉक्टर जखम कशी झाली ते लिहितात. त्या एका ओळीत ‘घरी लागलं’ किंवा ‘गाडीवरून पडला’ असं आलं, तर पुढे कामावरचा अपघात सिद्ध करताना नाकी नऊ येतात. शिवाय कामावरच्या अपघातासाठी ईएसआयमध्ये किती महिने वर्गणी भरली याची अट नसते. माणूस पहिल्या दिवशी जखमी झाला तरी हक्क लागू होतो. दत्ताला त्याच रात्री ईएसआयशी जोडलेल्या रुग्णालयात हलवलं. फॉर्म १२ मध्ये अपघाताचा अहवाल गेला. ४८ तासांहून जास्त काम करता येणार नाही अशी इजा असली की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवावं लागतं, तेही केलं. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या प्रकरणात पुढे जे काही नीट झालं, त्याचा पाया त्या रात्रीचा हा कागद होता.

अडचण

दोन शस्त्रक्रिया आणि पाच महिने उपचार. या काळात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळाला, म्हणजे सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण सरासरी नोंदलेल्या पगाराची निघते. दिवसाला साधारण ४५० रुपये धरले तर मिळायचे ४०५, महिन्याला बारा हजारांच्या आसपास. ज्या घरात अठरा हजार येत होते त्या घरात हे ९० टक्के नव्हते. रोख ओव्हरटाइमचा तोटा माणसाला कळतो तो असा, हात गेल्यावर.

तिसऱ्या महिन्यात ठेकेदाराने दत्ताचं नाव हजेरीवरून काढायचं ठरवलं. तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ त्याच्यासमोर ठेवलं. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नव्हतं. तो गप्प बसला, पण उपचार संपायची वाट बघतोय हे मला कळत होतं.

दत्ताच्या चुलतभावाने मोबाइलवर वाचून सांगितलं की अपंगत्व आलेल्या माणसाला कामावरून काढताच येत नाही. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ते संरक्षण, कलम २० चं चौथं पोटकलम, सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कारखान्याला समान संधी धोरण ठेवावं लागतं. या कारखान्याच्या फाइलमध्येही ते होतं. मीच टाइप करून लावलं होतं. अपघातापर्यंत ते कुणी वाचलं नव्हतं, आणि लावल्यानंतर मीही पुन्हा उघडलं नव्हतं.

समोरचे पर्याय

जुलैच्या सुरुवातीला डॉक्टरांनी ‘हलकं काम करण्यास योग्य’ असा अंतिम दाखला दिला. त्या आठवड्यात आम्ही तीनदा बसलो.

ठेकेदाराचं म्हणणं होतं, दीड लाख रोख घे आणि राजीनाम्यावर सही कर. दत्ताचं मन तिकडे झुकत होतं. कपाशीचं कर्ज होतं, आणि एवढी रक्कम एकगठ्ठा कधी हातात आली नव्हती. मी त्याला वहीवर हिशोब करून दाखवला. ईएसआय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एका हाताची तीन बोटं जाण्याला कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट धरली होती. तात्पुरत्या लाभाच्या तेवढे टक्के पुढे कायम अपंगत्वाचा लाभ, म्हणजे पेन्शन, म्हणून मिळतात. ४०५ चे ३० टक्के म्हणजे दिवसाला १२१ रुपये ५० पैसे, महिन्याला ३,६४५. हे आयुष्यभर. राजीनामा दिला तरी मिळणार, नाही दिला तरी मिळणार. म्हणजे दीड लाखाला तो पेन्शन विकत नव्हता, नोकरी विकत होता. सविता वहिनी कोपऱ्यात लेकराची वेणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, “मंग नोकरी एवढी स्वस्त हाय का?” तो विषय तिथेच संपला.

नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावा, असंही एका वकिलाने सुचवलं होतं. पण कामगार ईएसआयमध्ये असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दावा करता येत नव्हता. त्यावर वेळ घालवला नाही.

गावी परत जाणं हा भावाचा आग्रह. तीन एकरांत दोन कुटुंबं बसत नाहीत हे भावालाही माहीत होतं.

मग कारखान्यात परतणं उरलं. इथे दत्ताच्या मनात एक भीती होती, आणि ती मला जवळजवळ प्रत्येक प्रकरणात भेटते: कामावर गेलं की पेन्शन बंद. तसं नाही. बंद होतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, कारण ज्या दिवशी काम करून पगार घेतला त्या दिवसाचा तो मिळत नाही. कायम अपंगत्वाचा लाभ पगारासोबत चालू राहतो. हे कळल्यावर त्याने कामावर यायचं कबूल केलं.

कोणतं काम, हा प्रश्न आम्ही पाच मिनिटांत उरकला. सुपरवायझर म्हणाला, “बर काढायला बसवू. हलकं काम आहे.” मी फोनवरच हो म्हणालो.

पहिला प्रयत्न

कापलेल्या पत्र्याच्या कडेला जी धारदार कूस राहते तिला बर म्हणतात. कानशीने ती घासायची. ते टेबल चार नंबरच्या प्रेसपासून दहा-बारा फुटांवर होतं. मी बघायला गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत दत्ता गेटबाहेर गेला तो परत आलाच नाही. चार दिवसांनी सविता वहिनींचा फोन: “साहेब, हे जेवंना गेलेत. रात्री झोपंत हात झटकतेत.” संध्याकाळी खोलीवर गेलो.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. ताट वाढलं होतं, भाकरी आणि पिठलं. दत्ता भिंतीकडे तोंड करून बसला आणि डाव्या हाताने जेवू लागला. भाकरी मोडताना ताट सरकत होतं. लेकीने काही न बोलता येऊन ताटाची कड धरून ठेवली. तिला सवय झाली होती. नंतर त्याने सांगितलं की भावकीतल्या लग्नाला तो गेला नाही, कारण पंगतीत डाव्या हाताने जेवायचं कसं.

कामाचं विचारलं तर म्हणाला, “प्रेसकडं पाठ करून बसलो साहेब. कानात बोळे घातले. पण पाय वळखतो. खाली आला की फरशीतून पायात येतं. माझ्याच्यानं नाही व्हत.”

आवाजाचा विचार कदाचित कुणी केला असता. फरशीचा कुणीच केला नव्हता. शिवाय कानस धरायला तीन बोटं लागतात, आणि गेली होती नेमकी तीच. म्हणजे ज्याला आम्ही हलकं काम म्हणत होतो ते त्याच्या हातासाठी कारखान्यातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी होतं. आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. दत्ताकडे मोटारसायकल होती. तिचा अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात. तीन दिवस तो एका मित्राच्या मागे बसून आला होता. मित्राची शिफ्ट बदलली की तेही संपणार होतं.

मधले महिने

दत्ता सविता वहिनींना आणि लेकरांना घेऊन गावी गेला. घरात पैसा येणं थांबलं. अंतिम दाखल्याबरोबर तात्पुरता लाभ संपला होता. कायम लाभासाठी अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची तारीख यायची होती. बोर्डाचा निर्णय कधीही लागो, रक्कम तात्पुरता लाभ संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हिशोबात धरतात. पण थकबाकी हातात येईपर्यंत किराणा उधारीवरच आणावा लागतो. भाऊ आणि सासरे यांनी तेवढे दिवस रेटून नेले.

याच काळात एक गोष्ट घडली, तिचं श्रेय कुणा तज्ज्ञाचं नाही. फिजिओथेरपीत त्याला रबरी चेंडू दाबायला दिला होता आणि त्याला त्याचा कंटाळा आला होता. दसऱ्याच्या सुमाराला कापूस फुटला. सगळं घर वेचणीला, तर हा बांधावर कसा बसणार? अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत बोंडातला कापूस धरून ओढायला लागला. बोंडाच्या वाळलेल्या टोकदार पाकळ्या ताज्या कातडीला टोचायच्या, रक्त यायचं. पहिल्या दिवशी दीड किलो भरला. दिवाळीपर्यंत दहा-बारा किलोवर आला. वाकलेल्या करंगळीत जोर आला तो तिथे.

बोर्डाने ३० टक्केच धरले. थकबाकी जमा झाली आणि किराणा दुकानाची उधारी फिटली.

दुसरा प्रयत्न

दिवाळीनंतर क्वालिटी बघणाऱ्या मॅडमनी विषय काढला. त्यांच्याकडे तपासणीला माणूस टिकत नव्हता. त्यांची अट एकच होती: दत्ताने आधी सुट्टीच्या दिवशी, मशिनी बंद असताना यावं. कामाचं नंतर बघू.

तो आला. मीही गेलो. बंद शेडमध्ये तो हळूहळू फिरला, चार नंबरपाशी थांबला नाही. तपासणीच्या खोलीत पेटीतला एक पार्ट त्याने डाव्या हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “मॅडम, सात नंबरची डाय सरकलीय. बर एकाच बाजूला येऊ राहिला.” मॅडमनी टूल रूमच्या, म्हणजे डाय दुरुस्त करणाऱ्या विभागाच्या, माणसाला दुसऱ्या दिवशी बघायला सांगितलं. डाय खरंच तिरकी बसली होती.

नऊ वर्षांत त्याच्या बोटांनी जे शिकलं होतं ते उरलेल्या बोटांतही होतं. सगळ्या बाजूंनी बर वाढला की पंचाची, म्हणजे वरून येऊन पत्रा कापणाऱ्या भागाची, धार गेली, एकाच बाजूला वाढला की डाय आणि पंच मध्यावर नाहीत. नवख्या तपासनिसाला पार्ट नापास करता येतो. का नापास झाला ते सांगता येत नाही. दत्ताला ते येत होतं. तोपर्यंत आम्ही सगळे ‘याला बसवायचं कुठे’ असाच विचार करत होतो.

मग मालकांशी बोलणं झालं आणि काही गोष्टी ठरल्या. तपासणीची खोली शेडच्या पलीकडच्या टोकाला होती, तिच्या फरशीत हादरा येत नाही हे दत्ताने स्वतः पहिल्या शिफ्टमध्ये उभं राहून बघितलं. टूल रूमने गो-नो गो गेजना, म्हणजे पार्ट मापात आहे की नाही ते बघायच्या साधनांना, जाड आडवी मूठ लावून तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून दिली. डाव्या हाताने लिहायला वेळ लागतो म्हणून तपासणीचा तक्ता नुसत्या खुणांचा केला, आणि तो बाकी तिघांनाही सोपा पडला. सुरुवातीचे दोन आठवडे चार तास, पुढचे चार आठवडे सहा तास, मग पूर्ण शिफ्ट. तीन महिने नाईट नाही. राहायची खोली बदलून कारखान्यापासून पायी पंधरा मिनिटांवर घेतली.

खरा वाद पगारावर झाला. अर्ध्या दिवसाला अर्धा पगार, असं ठेकेदार म्हणत होता. मी मालकांना विचारलं, गेल्या तीन महिन्यांत तपासणीत किती माणसं आली आणि गेली? चार. प्रत्येकाला शिकवण्यात गेलेला वेळ आणि ग्राहकाकडून परत आलेला माल मॅडमनी स्वतःच्या वहीतून वाचून दाखवला. सहा आठवडे पूर्ण पगार मान्य झाला. दयेवर मागितला असता तर कदाचित मिळालाही असता, पण मग दत्ताला रोज त्या दयेखाली काम करावं लागलं असतं.

निष्पत्ती

दत्ता दोन वर्षांहून जास्त काळ त्याच कामावर आहे. वर्षभराने त्याचं नाव ठेकेदाराकडून कंपनीच्या हजेरीवर आलं. पगार सोळा हजारांवर, पेन्शन वेगळी. ओव्हरटाइम पूर्वीइतका नाही, त्यामुळे हातात येणारी रक्कम जुन्या दिवसांपेक्षा थोडीच जास्त आहे आणि दोन वर्षांत महागाई वाढली आहे. हे चांगलं झालं असं म्हणताना एवढं लक्षात ठेवावं लागतं.

हिवाळ्यात हात ठणकतो. नसलेल्या बोटांना खाज येते. कँटीनमध्ये तो आता सगळ्यांकडे तोंड करून जेवतो. चार नंबरचा प्रेस चालूच आहे. डायभोवती जाळी आली, चिमटे आले. दत्ता तिकडे जात नाही. त्या प्रेसचा माल ट्रॉलीने त्याच्याकडे येतो.

वेगळं काय करता आलं असतं

मी फोनवर हो म्हणायला नको होतं. टेबल बघायला वीस मिनिटं लागली असती. आता कुणी परतणार असेल तर मी आधी चारच गोष्टी विचारतो: येणार कसा, कोणती पकड शिल्लक आहे, बसायच्या जागेवरून काय दिसतं आणि काय ऐकू येतं, आणि घरच्यांचं काय म्हणणं आहे. शेवटचा प्रश्न मी पूर्वी विचारत नसे. झोपेत हात झटकण्याचं दत्ताने मला कधीच सांगितलं नसतं.

भीतीला आम्ही ‘होईल सवय’ म्हणून सोडून दिलं. पहिल्या महिन्यातच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवं होतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठी घेता आली असती. माझ्या डोक्यातच आलं नाही.

अंतिम दाखला आणि बोर्ड यांच्यामधला रिकामा काळ आधीपासून दिसत होता. कारखान्याकडून त्या महिन्यांसाठी उचल मागता आली असती, थकबाकीतून फेडायच्या बोलीवर. मागितली नाही.

रोख ओव्हरटाइम हा मला माहीत असलेला आणि मी खपवून घेतलेला प्रकार होता. आता माझ्या ग्राहक कारखान्यांत तो चालत असेल तर मी लेखी कळवतो. दोन ग्राहक त्यामुळे सोडून गेले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली. अपघाताच्या आदल्या आठवड्यात दत्ताने सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं की चार नंबर आपोआप आपटतोय. तोंडी. प्रॉडक्शनची घाई होती, टार्गेट होतं, प्रेस चालू राहिला. दुरुस्तीची नोंदवहीच नव्हती, त्यामुळे त्या सांगण्याचा मागमूसही उरला नाही. वही ठेवा, हा आग्रह मी साध्या पाहणीतही कधीही धरू शकलो असतो.

आता वही आहे, तपासणीच्या खोलीबाहेर दोरीने बांधलेली. गेल्या पावसाळ्यात चार नंबरवरच्या नव्या पोराने दत्ताला येऊन हळूच सांगितलं, दादा, प्रेस दोनदा आपटला. वहीत लिहायला तो घाबरत होता. दत्ताने डाव्या हाताने, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: ‘४ नं. डबल स्ट्रोक. बंद करा.’ खाली तारीख, वेळ आणि स्वतःची सही. प्रेस दीड दिवस बंद राहिला आणि क्लचची चावी बदलली.